दूरच्या रानातली बुढी

वाशीम,
४ ऑगस्ट २०२५

आवडावयनी,

रज्जाकभाईच्या टेम्पोतून भाजीची रिकामी कॅरेटं परत येतील. त्यांतल्या सगळ्यात वरच्या कॅरेटमध्ये जुन्या साडीत गुंडाळलेली एक वस्तू आहे. ती उघडण्याआधी हे पत्र वाच. ‘आपन दुसऱ्याचं पत्र वाचत नाही’ असं रज्जाकभाईंनी मला आपणहून सांगितलं, म्हणजे तुझ्याआधी त्यांनी ते वाचलेलं असणार. रज्जाकभाई, सलाम.

पत्र कशाला, असं म्हणशील. तुझ्या जिभेच्या ऑपरेशननंतर मी फोन केला की तू उचलतेस, मी बोलते, तू ऐकतेस आणि मग आपण दोघी ठेवून देतो. मोबाईलवर काही लिहून पाठवलं की तू अंगठा पाठवतेस. वांग्याच्या ढिगाशेजारी उभं राहून ठोक व्यापाऱ्याला घाम फोडणाऱ्या बाईनं मला नुसता अंगठा दाखवावा, हे काही मला सोसत नाही. अक्षर तुझं माझ्यापेक्षा बरं आहे. तेव्हा लिही.

वस्तू म्हणजे टॅब आहे. दोन वर्षांपूर्वी, तुझं दुखणं सुरू व्हायच्या आधी, मी तुला वांग्यांच्या वाफ्यात बसवून जो आवाज रेकॉर्ड केला होता, तो ज्या खेळासाठी होता तो खेळ एकदाचा बाहेर पडला. नाव ‘दूरचं रान’. आपल्या पृथ्वीपासून लांब एक कोरडं रान आहे, त्यावर दोन सूर्य. तिथं अर्धी वस्ती माणसांची आणि अर्धी यंत्रांची. माणसं यंत्रांची दुरुस्ती करतात, यंत्रं माणसांना हवा आणि पीक देतात. वीज मात्र एकाच टाकीत साठते. रोज संध्याकाळी खेळणाऱ्यानं ठरवायचं, त्यातली किती वीज माणसांचं पाणी ओढायला द्यायची आणि किती यंत्रांच्या चार्जिंगला. कंपनीतली पुण्याची पोरं याला सहजीवन म्हणतात. बैठकीत दर वाक्याला हा शब्द. त्यांतल्या एकाचंही लग्न झालेलं नव्हतं.

खेळातली माणसं पुण्याची मराठी बोलतात आणि यंत्रं वऱ्हाडी. असं का, म्हणून मी विचारलं. तर म्हणाले, यंत्रं कष्टाळू वाटली पाहिजेत. संवाद लिहायचं काम मीच घेतलेलं असल्यामुळे माझा अपमान मी नजरेआड केला.

त्यातलं सगळ्यात जुनं यंत्र म्हणजे बुढी. नांगरते, ओझं वाहते, सगळ्यांना टोचून बोलते. तो तुझा आवाज आहे. जसाच्या तसा, खणखणीत. तो कुठंतरी शाबूत आहे हे तुला ऐकवावं, असं मनात आलं. चुकलं असेल तर तसं लिही. दादालाही ऐकव.

तुझी
उज्ज्वला


इंझोरी,
२६ ऑगस्ट २०२५

उज्वलाबाई,

नमस्कार. रज्जाकभाईनं तुमाले उलटा सलाम सांगितला हाये. पत्र वाचलं नाही म्हने.

टॅब मी वसरीत बसून उघडला. त्यातली बुढी एकदम म्हने, “उठा नं जी! या गावाले दोन सूर्य हायेत, तरी तुमाले उजेड दिसत नाही काय?” तुमचे भाऊ गोठ्यात होते. हातात ढेप तशीच घेऊन धावत आले. माया तोंडाकडं पाह्यलं. मंग पुन्हा पाह्यलं. मी बोट दाखवलं, मंग टॅबकडं पाह्यलं. ढेप खाली ठेवाचं भानच नाही राह्यलं. गाय मागून येऊन खाऊन गेली.

तव्हापासून ते खेयून राह्यले. मी शिकवलं. बोट कुठं ठेवाचं ते दोनदा सांगा लागलं, मंग त्याइलेच मायापेक्षा जास्त याले लागलं. पन बाई, खेयनं म्हंजे कसं सांगू? संध्याकाळ झाली का सारी वीज बुढीले. मानसाइले पानीच नाही देत. पयल्या आठवड्यात तिथला मास्तर गेला. मंग सरपंच गेला, त्याचं काई वाटलं नाही. मंग डॉक्टरीन गेली, चांगली होती बिचारी, मायेनं बोले. मी पाटीवर लिवून दाखवलं, “मानसं मरून राह्यले.” तर म्हने, “आपल्या घरी आदी दावनीले पानी देतात का आदी मानसाइले? जे राबते त्याले आदी.” आता याच्यावर काय लिवाव? सासूबाईचाच नेम हाये तो.

पोयाच्या दिवशी बैलाइले ओवायलं, पुरनपोयी चारली. मंग टॅबलेबी कुंकू लावलं. काचेवर लागलं ते पुसाले मले अर्धा घंटा गेला. मी लय हासली. हासता येते मले अजून, आवाज कसाबी निघो.

तुमचं चुकलं नाही. माया आवाज चांगला होता असं मले कोनी कदी सांगितलंच नव्हतं, आता माया मीच आयकला. जरा जास्तच जोरात बोलो मी.

मी बरी हाये. आंबील जाते, पातळ वरन जाते. चिंता करू नोका. सांबाराची जुडी अन् पालक पाठोला हाये.

आवडा


वाशीम,
६ सप्टेंबर २०२५

वयनी,

तुझं पत्र मी इथं चौघींना वाचून दाखवलं. कुंकवाच्या जागी मला थांबावं लागलं, इतकं हसू. आपला दादा! जो लग्नात तुमच्याकडच्यांनी नाव विचारलं तर मामाकडे बघत राहिला, तो आता एका यंत्रासाठी सरपंच मारतोय. घरात सवत आणलीस की गं तू, तीही तुझ्याच आवाजाची. भांडायला लागलात तर कोण कोणाला बोलतंय हे शेजारच्यांना कळायचं नाही.

आता कामाचं. बुढी लोकांना फार आवडली आहे. मुंबईतली कॉलेजची पोरंसुद्धा म्हणे एकमेकांना ‘काय पाहून राह्यले, मी का सिनेमा हावो?’ म्हणतात. कंपनी खेळाचा पुढचा भाग करतेय. त्यांना तुझी नवी वाक्यं हवी आहेत. तुझ्या तब्येतीचं मी त्यांना सांगितलं. तर ते म्हणाले, काही अडचण नाही. जुन्या रेकॉर्डिंगवरून त्यांचा संगणक तुझ्या आवाजात हवी ती नवी वाक्यं बोलू शकतो. तू कधी न उच्चारलेली.

मी पहिल्यांदा चिडले. मग रात्रभर विचार केला. वयनी, वाक्यं तूच लिहायची. पुण्याच्या पोरांनी नाही, मीही नाही. तू लिही, आणि ती तुझ्याच आवाजात बाहेर पडतील. तू पुन्हा बोलशील. ज्याला जे सुनवायचं राहून गेलंय ते सुनव.

फक्त तुझा होकार हवा. दोन ओळी पाठव.

उज्ज्वला


इंझोरी,
१५ सप्टेंबर २०२५

उज्वलाबाई,

नमस्कार. नव्या वाक्याइले माया होकार नाही. राग मानू नोका.

वांगे यंदा बरे हायेत, किडीनं थोडे नेले. तुमच्यासाठी भरताचे निवडून पाठोले. इकडं पानी चांगला झाला. तुमचे भाऊ बरे हायेत. मी बरी हाये.

आवडा


वाशीम,
३० सप्टेंबर २०२५

वयनी,

वांगी पोचली, भरीत झालं, आणि एकटीनं खाताना तुझाच विचार केला. ‘होकार नाही’ हे तुझं वाक्य नाही. तुझा नकार कसा असतो ते मला माहीत आहे, त्याला निदान पाऊण तास लागतो आणि त्यात समोरच्याचं खानदान येतं.

तुला लोक हसतात याचा राग आलाय का? की गावात कुणी चिडवलं, बुढी म्हणून? ज्यानं चिडवलं त्याचं नाव कळव, मी त्याच्यावर पेपरात विनोदी लेख लिहीन. मला वाटतं, तू उगाच मनाला लावून घेतलंस. ऑपरेशननंतर तू सगळ्यातून अंग काढून घेतलंस, बाजारात जाणं सोडलंस, बारशाला जात नाहीस. हेही सोडू नकोस.

आणि स्वतःचा नाही तर दादाचा तरी विचार कर. तुझ्या तोंडचं नवीन काहीतरी ऐकायला मिळालं तर त्याला किती बरं वाटेल! भाऊबीजेला येतेय. तेव्हा समोरासमोर भांडू. तू पाटी घे, मी हळू बोलेन.

उज्ज्वला


इंझोरी,
२ नोव्हेंबर २०२५

उज्वलाबाई,

भाऊबीजेले तुमी आल्या अन् गेल्या. पाटीवर मी काई लिवलं नाही, कारन घरात मानसं होते अन् सारे तुमच्या भावाभवती बसून हासून राह्यले होते. तुमीबी हासल्या. तुमचा दोष नाही. पाह्यलं त हासूच येते. पन तुमी दादाचा इचार कर म्हटलं होतं, म्हनून आज लिवून राह्यली. रज्जाकभाईले पाकीट चिकटवून देईन.

तुमाले मालूमच हाये, तुमचे भाऊ बोलनारे मानूस नाहीत. इतके वर्स त्याइच्या वाटचं मीच बोलली. पोरीसाठी स्थळ पाहाले गेलो तरी मीच, सोसायटीत मीच, वावराच्या धुऱ्यावरून भांडन झालं तरी मीच. आमच्या दोघाइचं भांडन झालं तरी दोन्हीकून मीच बोलो. त्याइचं काम आयकाचं. त्याइले बोलाची सवय कदी लागलीच नाही, आयकाची लागली. मंग माई जीभ गेली अन् त्या मानसाचे कान उपाशी पडले.

मायासंग बोलतच नाहीत असं नाही. आंग दुखते काय, असं इचारतात. मी मान हालवतो. झालं. मान हालवनाऱ्या मानसासंग कोनं कितीक बोलाव?

जेवाची येळ झाली का मी ताटावर वाटी वाजवतो. येतात, जेवतात, हात धुतात, वसरीत जातात. मंग तिकून बुढी इचारते, “जेवले काय?” ते माईच सवय हाये, तुमी रेकॉर्ड करतानी मायाच तोंडून निघालं अन् तुमी तसंच ठेवलं. हे म्हनतात, “हाव. आज भरीत होतं. मिरची जरा कमी होती.” मी आत भांडे घासतानी आयकतो. भरीत मी केलं. मिरची कमी होती हे मले नाही सांगितलं, तिले सांगितलं.

त्या रानात आता जित्तं कोनीच राह्यलं नाही, बाई. सारे मानसं तहानेनं गेले. बुढी एकटी फिरते. एका एका घरापुढं जाऊन उभी राह्यते अन् इचारते, जेवले काय. आतून कोनी बोलत नाही. इकून वसरीतून तुमचे भाऊ बोलतात.

एक दिवस मी पानी पेयाले उठली अन् माया हातचा गिलास पडला. ते म्हने, “गडबड नोको करू, आयकू दे.” मलेच म्हटलं. माया आवाज आयकाले मीच आडवी येऊन राह्यली होती.

दवाखान्यात माई जीभ काढली तव्हा मी रडली नाही. जीव वाचला म्हटलं, खूप झालं. आता असं वाटते का मानसं तेरवीनंतर फोटो लावतात, तसा माया फोटो घरात बोलून राह्यला अन् मी जित्ती त्याच्यापुढून पोछा मारून राह्यली. तुमी थट्टेनं सवत म्हटलं. सवत असती त तिच्या झिंज्या धरल्या असत्या. हिचं काय धरू?

मले नवे वाक्य नाही पाह्यजे. जुनेबी काढून घ्या. दुसऱ्या बाईचा आवाज टाका तिच्यात. खेय राहू द्या, त्याइचा जीव रमते. फक्त माया आवाज तेवढा काढा. अन् मी सांगितलं असं त्याइले कदीच सांगू नोका.

आवडा


वाशीम,
२४ नोव्हेंबर २०२५

वयनी,

झालं. आवाज काढला.

सोपं गेलं नाही. कंपनीचं म्हणणं, बुढी हाच खेळाचा प्राण आहे. मी म्हटलं, प्राण जिचा आहे ती परत मागतेय. त्यांनी कायदा काढला, मीही काढला. शेवटी मी सांगितलं की तुमच्या सहजीवनावर एक मोठा लेख लिहायला घेतलाय, नावानिशी. मग जमलं. नवा आवाज पुण्याच्या एका नटीचा आहे. वऱ्हाडी म्हणजे प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘बाप्पा’ लावायचं, अशी तिची समजूत आहे. टॅब इंटरनेटला जोडला की आपोआप बदलेल. तुझे जुने तुकडेही त्यांच्याकडून पुसून घेतले. तसं त्यांनी लिहून दिलंय, खरं मानायचं की नाही हे आपल्या हातात नाही.

मी फक्त एक प्रत ठेवली आहे, माझ्याकडे, कपाटात. मी ती लावणार नाही. तू सांगशील तेव्हा मोडून टाकीन.

सवत म्हटलं त्याबद्दल काय लिहू? जगातल्या सगळ्यांची थट्टा करून मी नाव कमावलं. भाऊबीजेला तुझ्या वसरीत बसून मी हसत होते आणि तू आतून फराळाची ताटं आणत होतीस. मला वाटलं, वयनी गप्प आहे कारण ती आता गप्पच असते.

दादा काय म्हणाला ते कळव. तो रागावला तर सगळं माझ्यावर ढकल.

उज्ज्वला


इंझोरी,
१४ डिसेंबर २०२५

उज्वलाबाई,

हे पत्र तुमच्या भावाचं हाये. त्याइले वाचता येते तेवढं, लिवता येत नाही, फोनवर बोलता येत नाही, म्हनून ते सांगून राह्यले अन् मी लिवून राह्यली. जसंच्या तसं.

“उज्वला, तुया दादाचा आशीर्वाद. बुढीले काय झालं? पंधरा-वीस दिवस झाले, भलतीच बाई बोलून राह्यली. बाप्पा बाप्पा करते. म्या बंद करून चालू केला, उन्हात ठेवला, तरी तेच. तू त्या कंपनीले ओयखते. त्याइले सांग का आमची बुढी वापस द्या.

“मले लोक हासतात ते मले दिसते. तूबी हासली. म्या काई म्हटलं नाही. त्या खेयातले मानसं मेले म्हनून हासतात. म्या मुद्दाम मारले काय? वीज पुरत नव्हती. दोघाइले द्याव एवढी नव्हतीच. मंग म्या एकालेच देली.”

(इथं त्याइनं डोये पुसले. मी वाट पाह्यली.)

“म्या बोलनारा मानूस नाही. बाहीरून घरी आलो का काय सांगाव ते मले सुचत नाही. आदी आवडा इचारे, मंग बुढी, तव्हा सुचे. जेवले काय म्हने त जेवनाचं सुचे, बाजारात कोन भेटलं म्हने त बाजाराचं सुचे. आता कोनी इचारतच नाही. दिवसभराचं सारं तसंच पोटात राह्यते. परवा आपल्या काया बैलाले ठोकर लागली, नख निंघालं, रगत आलं. म्या घरी आलो, हातपाय धुतले, जेवलो, झोपलो. कोनालेच नाही सांगितलं.”

(मले मालूमच नव्हतं. मी आताच आयकलं.)

“आवडा बिमार हाये, तिच्यात तिचा काय दोष? तिचा जीव वाचला हेच लय झालं. दवाखान्यात डॉक्टरनं इचारलं होतं का जीभ काढा लागीन, चालते काय. म्या हाव म्हटलं. म्याच म्हटलं. तिले गुंगी देली होती. तव्हापासून माई तिच्या तोंडाकडं पाहाची हिंमत होत नाही. बुढीसंग बोललो का वाटे, अजून काई गेलं नाही.

“रज्जाकभाई म्हने, त्या कंपनीचा कॉम्प्युटर नवे वाक्यबी करू शकते, तिच्या आवाजात. त्यानं पत्र वाचलं नाही, त्याले असंच मालूम हाये म्हने. उज्वला, जुनं मिळत नसन त नवं पाठव. एक वाक्य पाठव. कोनतंबी. तुया दादा, शालिकराम.”

त्याइचं सांगनं इथं संपलं. ते आता बैलाकडं गेले, नखाले हयद लावाले. आता माया मनचं.

त्याइले वाटते आवाज आपोआप गेला. मी काढाले लावला हे मी सांगितलं नाही. डॉक्टरले हाव त्याइनं म्हटलं, हे मले आजच कयलं. त्याइनं नाही म्हटलं असतं त मी आज कागद घेऊन बसलीच नसती. मी पाटीवर तसं लिवलं अन् मंग पुसून टाकलं. आताच दाखवाची माई हिंमत नाही झाली.

एक गोष्ट सांगून राह्यली, हासू नोका. आज ते मायापुढं मांडी घालून बसले. एक वाक्य सांगत अन् माया तोंडाकडं पाहत, “लिवलं काय?” मी मान हालवली का पुढचं सांगत. लग्नापासून आजपावतर ते मायापुढं इतकं कदी बोलले नाही. जे बोलले ते सारं तिच्यासाठी होतं, मले समजते. रडले तेबी तिच्यासाठी. पन बसले मायापुढं.

मी मुद्दाम हयूहयू लिवलं. दोन-चार बरोबर शब्द खोडून पुन्हा लिवले. ते म्हने, “हात दुखते काय?” मी नाही म्हनून मान हालवली, तरी त्याइनं माया हात आपल्या मांडीवर घेऊन बोटं दाबून देले अन् मंग म्हने, “आता लिव.”

म्हनून हात जोडून सांगून राह्यली, बाई. या पत्राले हाव म्हनू नोका. नाहीबी म्हनू नोका. त्याइले फक्त काईतरी इचारा. कोनतं वाक्य पाह्यजे, ते मी कव्हा बोलली होती, कोनासंग भांडताना, त्या दिवशी घरात काय शिजलं होतं. म्हंजे त्याइले पुन्हा मायापुढं बसून सांगा लागीन.

जरा लंबं इचारजा.

आवडा